बायपासनंतरचा दम: श्वासपटल तपासलं का?

इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, तरी बायपास झालेल्या वडिलांना आडवं झालं की दम लागतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या अण्णांचं बायपासनंतर अगदी हेच. परभणीत बाजेवर पाठ टेकली की उठून बसायचे. सगळे म्हणायचे, अशक्तपणा आहे. निघालं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायूचा पडदा. त्याला चालवणारी फ्रेनिक नस मानेतून निघून हृदयाला खेटून खाली जाते. ऑपरेशनमध्ये हृदय थंड ठेवणाऱ्या बर्फाच्या गारव्यानं किंवा बायपाससाठी छातीतली धमनी सोडवताना ती दुखावू शकते. एक्स-रेत पडद्याची डावी बाजू वर सरकलेली, सोनोग्राफीत ती हलतच नव्हती. नस बहुधा सावरते, पण महिने लागतात, कधी वर्षही. आणि ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र? त्यात श्वास आत ओढायचा असतो. अण्णा महिनाभर फुंकतच बसले होते!