पहिलं ट्रॅव्हल काँट्रॅक्ट घेतेय (ह्यूस्टन): एजन्सी कशी निवडू, काय मागू?

रात्रपाळी_टेक्सास: ह्यूस्टनला टेलीमेट्रीत (हृदयाच्या मॉनिटरवरचे पेशंट असतात तो वॉर्ड) तीन वर्षं स्टाफ नर्स. आता एजन्सीमार्फत बाहेरगावच्या हॉस्पिटलात काही आठवड्यांचं काम घ्यायचंय. ग्रीन कार्ड आहे, स्पॉन्सरचा नोकरीचा बाँड संपला, टेक्सासचं मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणारं) लायसन्स आहे. चार रिक्रूटर रोज मेसेज करताहेत. एकाचं पॅकेज असं: १३ आठवडे, आठवड्याला ३६ तास नाइट (बारा तासांच्या तीन शिफ्ट), तासाला २५ डॉलर टॅक्सेबल, वर आठवड्याला करमुक्त स्टायपेंड: घरासाठी ८५० आणि जेवणासाठी ४००. एकूण २१५०. बरं आहे का? आणि अपार्टमेंट सोडून सामान दिरांकडे ठेवलं तर चालेल ना?

वॉर्ड_क्लार्क: चार नकोत, दोन-तीन पुरे. पण प्रत्येकाला लेखी कळवा: मला विचारल्याशिवाय माझं प्रोफाइल कुठेही पाठवायचं नाही. एकाच हॉस्पिटलला दोन एजन्सींकडून नाव गेलं की मॅनेजर भानगड नको म्हणून दोन्ही बाजूला टाकतो.

पाठवण्याआधीच पॅकेजची फोड लेखी मागा. "आधी सिलेक्शन होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्याला सरळ नमस्कार. हॉस्पिटलशी थेट करार आहे की मधे व्हेंडर (मध्यस्थ कंपनी) आहे, तेही विचारा; मधे कुणी असला की त्याचा वाटा बिल रेटमधूनच (हॉस्पिटल तुमच्या तासामागे मोजतं तो दर) जातो. हेल्थ इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, दोन काँट्रॅक्टच्या मधल्या सुट्टीत चालू राहतो का, आणि रात्री दोनला युनिटवर वाद झाला तर फोन कोण उचलतं, हे रिक्रूटरच्या गोड बोलण्यापेक्षा महत्त्वाचं. जॉइंट कमिशनचं (हॉस्पिटलांची तपासणी करणारी संस्था) स्टाफिंग सर्टिफिकेशन असेल तर उत्तम.

हिशेबनीस: २१५० भागिले ३६, म्हणजे तासाला ५९.७२ डॉलर. दोन ऑफर ताडायच्या तर याच आकड्यावर. नुसता आठवड्याचा आकडा फसवतो. कधी तो ४८ तासांचा निघतो.

खरी गोम ओव्हरटाइममध्ये आहे. चौथी शिफ्ट केलीत तर ४० तासांपर्यंतचे चार तास २५ ने, म्हणजे १००. पुढचे आठ दीडपटीने, ३७.५० च्या दराने ३००. बारा तासांचे ४०० डॉलर! नेहमीच्या शिफ्टला तुम्हाला ७१६ पडतात. म्हणून ३६ च्या वरच्या प्रत्येक तासाचा दर आकड्यात लिहून घ्या, "दीडपट" या शब्दावर सही नको. तास कमी भरले की स्टायपेंडही कापला जात असेल, तर तो ओव्हरटाइमच्या दरात धरावा असा निकाल नाइन्थ सर्किट कोर्टाने २०२१ मध्ये दिला. कॅलिफोर्निया त्या कोर्टाखाली येतं, टेक्सास नाही. (कॅलिफोर्नियाला तुमचं मल्टिस्टेट लायसन्सही चालत नाही, वेगळं काढावं लागतं.)

दुसरं कलम कॉल-ऑफचं. "दर दोन आठवड्यांत एक शिफ्ट विनावेतन रद्द करता येईल" असं बहुतेक बारीक अक्षरात असतं. पगाराचे ३०० गेले आणि स्टायपेंडमधून ४१६. १३ आठवड्यांत असं सहा वेळा झालं तर सुमारे ४३०० डॉलर गेले, घरभाडं मात्र पूर्ण. ३६ तासांची हमी मागा. ती नसेल तर "पूर्ण काँट्रॅक्टमध्ये जास्तीत जास्त दोन" म्हणून घासाघीस करा. ओरिएंटेशनच्या आठवड्यात तास कमी भरले तर त्याला ही हमी लागू आहे का, तेही बघा.

फ्लोट_पूल: बिल रेट हॉस्पिटलने ठरवलेला असतो. त्यामुळे "कम्प्लीशन बोनस" अनेकदा तुमच्याच आठवड्याच्या पैशातून काढून शेवटी परत दिलेला असतो. मधेच काँट्रॅक्ट रद्द झालं तर तोही बुडाला. त्यापेक्षा लायसन्स फी आणि प्रवासखर्च मागा. ते सुटायला सोपं.

सुट्ट्या प्रोफाइल पाठवतानाच द्या. दिवाळीचे दोन दिवस काँट्रॅक्टवर छापले नाहीत तर मॅनेजरने फोनवर दिलेला होकार कुणाला आठवत नाही. फ्लोटिंगमध्ये (दुसऱ्या वॉर्डला पाठवण्याच्या कलमात) युनिटची नावं हवीत. "गरजेनुसार" लिहिलं असेल तर उद्या आयसीयूत उभं करतील. इंटरव्ह्यूला नर्समागे किती पेशंट, ओरिएंटेशन किती तासांचं आणि चार्टिंग (पेशंटच्या नोंदी) कुठल्या सॉफ्टवेअरवर, एवढं विचाराच. तुम्ही मधेच सोडलंत तर दंड किती, आणि हॉस्पिटलला किती दिवसांची नोटीस देणं भाग आहे, ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. बहुतेकदा एकतर्फी असतात.

कर_सल्ला_डॅलस: दिरांकडे नुसतं सामान ठेवून चालणार नाही. स्टायपेंड करमुक्त राहायला टॅक्स होम लागतं: ह्यूस्टनचं घर तुम्ही चालवताय, त्याचा खर्च भरताय आणि बाहेरगावी दुसरं भाडंही भरताय, असा दुहेरी खर्च दिसला पाहिजे. तो नसेल तर आयआरएसच्या (अमेरिकेचं कर खातं) लेखी तुम्ही फिरत्या, म्हणजे कायमचं घर नसलेल्या, आणि ते १२५० सगळे करपात्र. भारतातलं माहेर यात धरत नाहीत. "पन्नास मैल लांब गेलं की झालं" हा नियमही आयआरएसचा नाही, हॉस्पिटलं आणि एजन्सींचा आहे. एकाच गावी वर्षाहून जास्त राहायचं ठरलं तरी सवलत जाते. एजन्सीच्या डिक्लरेशनवर सही तुमची असते. नोटीस आली तर आधी तुमच्याच दारात.

शिवाय टॅक्सेबल पगार जितका कमी, तितकी सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीची सरकारी पेन्शन) कमी आणि गृहकर्जाला अडचण.

रात्रपाळी_टेक्सास: दिरांना भाडं दिलं तर?

कर_सल्ला_डॅलस: बाजारभावाने, चेकने, दर महिन्याला, आणि काँट्रॅक्टच्या मधे तिथे खरंच राहून. जोडीला सध्याच्या हॉस्पिटलमध्ये पीआरएन (गरजेपुरती बोलावली जाणारी नर्स) म्हणून नाव ठेवून अधूनमधून शिफ्ट केल्यात तर बाजू बरीच भक्कम होते.