ई-संजीवनी : लोक मागे आहेत की सेवा अपुरी आहे?

नीरजा :
केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही दूरवैद्यक सेवा (म्हणजे दूर बसलेल्या डॉक्टरांचा पडद्यावरून सल्ला) 2019 च्या नोव्हेंबरात आरोग्य केंद्रांतून सुरू झाली, आणि एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, रुग्णाला घरूनच डॉक्टरांशी बोलता येईल असा तिचा दुसरा मार्ग उघडला. आजवरचे बहुसंख्य सल्ले मात्र पहिल्याच मार्गाने, म्हणजे केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीने दिले गेले आहेत. घरबसल्या मिळणारी सोय मागे पडते आणि पायपीट करून मिळणारी पुढे जाते, याचे कारण लोकांचे अज्ञान नव्हे, असे माझे मत आहे. केंद्रात कोणीतरी रक्तदाब मोजते, तो लॅपटॉपवर भरते, पलीकडच्या डॉक्टरांचे बोलणे आजीबाईंना त्यांच्या भाषेत समजावते आणि शेवटी गोळ्यांची पुडी हातात देते. घरच्या फोनवर मिळते ती फक्त चिठ्ठी; औषधासाठी तालुक्याला जायचेच असेल, तर माणूस तिथल्याच डॉक्टरांना दाखवून येतो.

कोरडवाहू :
पूर्ण असहमत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे 33 टक्के, तर पुरुष 57 टक्के आढळले. घरात फोन असतो, पण तो मुलाच्या खिशात असतो. अंगावरून जाण्याची तक्रार सुनेने सासऱ्यांच्या फोनवरून, ओसरीवर बसून सांगावी, अशी आपली अपेक्षा आहे काय? कोविड लसीकरणाच्या वेळी, मे 2021 मध्ये, 18 ते 44 वयोगटाला ‘कोविन’ या सरकारी संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती, तेव्हा शहरातल्या मंडळींनी खेड्यांतल्या केंद्रांवरच्या वेळा पटकावल्या आणि गावकरी पाहत राहिले. फोन, रेंज आणि सराव ज्याच्याकडे, त्याचीच ही सेवा.

नीरजा :
‘कोविन’चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. 21 जूनपासून सर्व केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली. गावकऱ्यांना त्यासाठी ॲप शिकावे लागले नाही, टेबलामागे बसलेल्या माणसाने त्यांची नोंद केली. सुनेचा मुद्दा मात्र मान्य आहे, आणि म्हणूनच केंद्रातली बंद दाराची खोली घरच्या फोनपेक्षा बरी, असे मी म्हणते.

तालुका वैद्य :
दोघांच्याही चर्चेत डॉक्टर कुठेच नाहीत, हे नवल आहे. 25 मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार फोनवरचा सल्ला पुरेसा आहे की रुग्णाला समोर बोलवावे, हा निर्णय डॉक्टरांचा, आणि जबाबदारीही प्रत्यक्ष तपासणीइतकीच. पोटात दुखणाऱ्याचे पोट दाबून पाहता येत नसताना मी ती का घ्यावी? ‘प्रत्यक्ष या’ असे सांगणे मला सुरक्षित वाटते. रुग्णांच्या डिजिटल नोंदींचेही तेच. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकासाठी, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकासाठी, माझ्याकडे कोणा रुग्णाने आग्रह धरलेला नाही. उलट ज्या सरकारी रुग्णालयांत क्यूआर स्कॅन करून केसपेपरची रांग टळते, तिथे तेच लोक तो आपणहून काढतात. माझ्या दवाखान्यात त्या क्रमांकाने रुग्णाचा वेळ वाचत नाही, माझे टंकलेखन मात्र वाढते.

कोरडवाहू :
आणि गुप्ततेचे काय? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणकयंत्रणा सायबर हल्ल्याने दोन आठवड्यांच्या आसपास कोलमडली आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंत सगळे हाताने लिहावे लागले. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये आला, हे खरे. पण क्षयरोगाची किंवा एचआयव्हीची नोंद गावात फुटली तर त्या कायद्याने सोयरीक जुळणार नाही.

तालुका वैद्य :
गावात नोंद फुटते ती बहुधा तोंडाने, सर्व्हरमधून नव्हे. कागदी रजिस्टर तर टेबलावर उघडेच पडलेले असते. माझी खरी हरकत निराळी आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला दर महिन्याला पडद्यावर नवा चेहरा दिसतो, आधीच्याने गोळी का बदलली हे पुढच्याला ठाऊक नसते, आणि रुग्ण दोन्ही गोळ्या घेत राहतो. एका केंद्राला एकच डॉक्टर ठरलेल्या वारी द्या, मग नीरजाताईंच्या पुडीवर लोकांचा आणि माझाही विश्वास बसेल.