गिफ्ट पेपर नाही, दुकान बंद, मग तुम्ही काय गुंडाळलंत?

तळ्याकाठची
काल गादी उचलली आणि खाली सासूबाईंनी सपाट करून ठेवलेला गिफ्ट पेपरचा गठ्ठा सापडला. माझ्या लग्नातला मोरपंखी कागदसुद्धा आहे त्यात! सेलोटेप नखाने अलगद सोडवलेला, कोपरे शाबूत. बघून एकदम आमची चरईतली चाळ आठवली. पावसाळा, लाइट गेलेले, खालच्या मजल्यावर बारसं आणि आईच्या हातात स्टीलचा वाटी-चमचा. गोखले रोडपर्यंत जायचं तर पाणी घोट्याच्या वर. आईने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं, संपलेल्या महिन्याचं पान फाडलं, पाककृतीची बाजू वर घेतली आणि भाताच्या शिताने चिकटवून दिलं. बाळाच्या आजीने वाटी-चमचा बाजूला ठेवला, आधी ती पाककृती वाचून काढली, मग पानाची घडी घालून कमरेला खोचली.
तुम्ही काय काय वापरलंय? लिहा पटापट. ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी तर लिहाच, बाकीच्यांनाही मनाई नाही.

खारीबटर
वर्तमानपत्र, आणखी काय! पण पान बघून घ्यावं. आमच्या काकांनी एका साठीशांतीला दिलेल्या शालीच्या खोक्यावर नेमकी निधनवार्तांची बाजू वर आलेली. फोटोंसकट. उत्सवमूर्ती शांतपणे म्हणाले, यातले दोघं माझ्या ओळखीचे आहेत.

सेक्टर_दहा
हाहाहा खारीबटर. आमच्याकडे मामी मुद्दाम पान निवडायची. सीए झालेल्याला शेअर बाजाराचं, लग्न न जमणाऱ्या भाच्याला वधू-वरांच्या जाहिरातींचं. त्या भाच्याने अजून लग्न केलेलं नाही, रागाने असेल.

ऐरोलीकर
९६-९७ला आमच्या सेक्टरात स्टेशनरीचं एकच दुकान, तेही दुपारी बंद. ऐरोलीचा पूल १९९९ला झाला, त्याआधी मुलुंडच्या आत्याकडे जायचं म्हणजे विटावा, कळवा, ठाणे असा वळसा. एवढ्या खटाटोपाने पोचलेल्या माणसाच्या गिफ्टला कागद आहे की नाही हे कोण बघतं! आई खाकी कागद वापरायची, वह्यांना कव्हर घालून उरलेला. वर लेबलसुद्धा वहीचंच. नाव, इयत्ता, तुकडी. इयत्तेच्या जागी ‘वाढदिवस पाचवा’.

अनूची_आई
लेबलची आयडिया ढापली 😄 कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

टी_स्क्वेअर
बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या प्रिंट घरी यायच्या, अमोनिया प्रिंट. पांढऱ्या-फिक्या कागदावर निळ्याजांभळ्या रेषा, गियर, शाफ्ट, कापलेले पंप, बाजूला बारीक अक्षरात मापं. ताज्या प्रिंटला अमोनियाचा असा काही वास की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून बाबा त्या आधी दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने वाळत घालायचे. आमच्या घरातून गेलेलं प्रत्येक गिफ्ट त्या कागदात. घड्या मात्र बघण्यासारख्या. पट्टी ठेवून, नखाने दाबून, कोपऱ्याला काटकोन. आणि ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात जो चौकोन असतो ना, नाव-तारीख-स्केलचा, तो बरोबर खोक्याच्या वर यायचा. त्यात ते ‘ड्रॉन बाय’च्या पुढे माझं नाव लिहायचे, ‘चेक्ड बाय’च्या पुढे आईचं.
वर्गात एकाला वाटलं की आमच्या घरी रॉकेट बनवतात. मी नाही म्हटलं नाही.
पुढे कारखाना बंद पडला. प्रिंटची शेवटची गुंडाळी किती तरी वर्षं पुरवून पुरवून वापरली. माझ्या बारावीच्या निकालाला बाबांनी पेन दिलं, त्यावर पट्टीएवढा तुकडा होता. तो उन्हाने पार फिका झालाय, रेषा जवळजवळ गेल्यात. पेन हरवलं, तुकडा आहे.

तळ्याकाठची
टी_स्क्वेअर, काय लिहिलंत. ‘चेक्ड बाय’ आई!! तो तुकडा उजेडात ठेवू नका हो, फाइलमध्ये ठेवा.

खारीबटर
माझे सासरे पण वागळेलाच होते, रोड नंबर १६. अमोनियाच्या वासाला अनुमोदन. तो वास शर्टातून जात नसे.

घणसोलीची
बरा सापडला हा धागा. आज संध्याकाळी भाच्याचा वाढदिवस, नौपाड्यात. गिफ्ट फुटबॉल. हवा भरलेला. खोकं नाही, घरात कागद आहे पण गोल वस्तूला कसा लावू? चारची लोकल पकडायचीय. लवकर सांगा.

सेक्टर_दहा
हवा काढा, घडी घाला, पाकिटात द्या.

घणसोलीची
पंप मी द्यायचा का मग 🙄

मिरजेची_सून
बॅटचं सांगते, बॉलचं मला माहीत नाही. ह्यांच्या जुन्या पायजम्याचा एक पाय कापला, बॅट आत सरकवली, दांड्यापाशी नाडी आवळून फुली गाठ. नेफा तसाच ठेवलेला, त्यामुळे नाडी ओढली की चुण्या झकास पडतात. दिराने उघडायच्या आधीच विचारलं, दुसरा पाय कुणाला मिळाला?

ऐरोलीकर
मग? कुणाला मिळाला?

मिरजेची_सून
स्टंपांना.

पटईत_कच्चा
कागदच वापरणाऱ्यांसाठी थोडं तांत्रिक, कारण बहुतेक लोक अंदाजाने कापतात आणि शेवटी बोटभर पट्टी उघडी राहते. खोक्याभोवती दोरा एक फेरा गुंडाळा, त्यात दोन बोटं वाढवा, ती एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे खोक्याची लांबी अधिक उंची, वर थोडं. तरी कागद कमी पडला तर खोकं कागदावर तिरकं ठेवा आणि चारही कोपरे मध्यावर आणा, बऱ्याचदा तेवढ्यातच बसतं. आणि वर्तमानपत्र कात्रीशिवाय फाडायचं तर उभं फाडा. कागदाचे तंतू त्या दिशेने असतात म्हणून सरळ रेषेत फाटतं, आडवं फाडलं तर भलतीकडेच जातं.

अनूची_आई
आले परत, कुकर झाला. पटईत_कच्चा, तुम्ही गणिताचे सर का हो?

पटईत_कच्चा
नाही, भूगोल. म्हणून तर पटईत कच्चा.

बेलापूरची_माई
ब्लाउजपीस कसा कुणाला आठवला नाही? ओटीचे आलेले ढीगभर असतात कपाटात. खणाचा असेल तर उत्तमच, काठ वर येतो, रिबीन लागत नाही. मी हळदीकुंकवाचं वाण तसंच बांधते. मात्र कुणी काय दिलं याची आतून चिठ्ठी ठेवते मी, कारण आमच्या सोसायटीत एक आंबा कलरचा ब्लाउजपीस अजून फिरतोय. दोनदा माझ्याकडे येऊन गेला. आता ओळखीचा झालाय, आला की बरं वाटतं.

मिरजेची_सून
माई 😂😂 आमच्याकडे एक रामा ग्रीन आहे तसाच

साकुरा_वाशी
कापडात बांधण्याला जपानमध्ये फुरोशिकी म्हणतात, आमच्या जपानीच्या क्लासला बाईंनी करून दाखवलं होतं. युरिको कोइके तिथल्या पर्यावरणमंत्री असताना त्यांनी २००६ साली प्लास्टिकच्या पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून याचा मुद्दाम प्रचार केला होता. चौकोनी कापड हवं, वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट. वस्तू मध्ये, समोरासमोरची दोन टोकं बांधायची, मग उरलेली दोन. बॉलला अगदी योग्य! तिथे कलिंगडसुद्धा असंच नेतात. घणसोलीची, ओढणी आहे का?

सेक्टर_दहा
जपानने बांधलं की फुरोशिकी, आमच्या आजीने बांधलं की बोचकं.

बेलापूरची_माई
आजीचं बोचकं सुटायचं नाही हो मात्र. सरळ गाठ मारायची, डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. दोन्ही वेळा एकच केलं की सुटते.

घणसोलीची
ओढणी अडीच मीटर लांब आहे. चौकोनी कुठून आणू? बांधणीची आहे, कापणार नाही.

साकुरा_वाशी
कापू नका! मधोमध दुमडा, मग जवळजवळ चौकोनच होतो. उरलेला भाग आत खोचा.

महापेचा_मजूर
आमच्या ऑफिसात डिसेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गिफ्ट देतात. मी वेफर्सची रिकामी पाकिटं शिवणीवर उघडतो, भांडी घासायच्या साबणाने धुतो, पुसतो आणि चंदेरी बाजू बाहेर ठेवून गुंडाळतो. चमक अशी की लोकांना आत घड्याळ आहे असं वाटतं. आत मोजे असतात. फक्त तेलकटपणा नीट जायला हवा, नाहीतर टेप चिकटत नाही आणि गिफ्टला मसाल्याचा वास येतो.
ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या खोक्यात चुरगळून भरलेला खाकी कागद येतो तोही मस्त, कमी तापलेली इस्त्री फिरवली की झालं. खोकं वापरणार असाल तर पत्त्याचं लेबल काढा, त्यावर फोन नंबर असतो.

ऐरोलीकर
चुरगळण्यावरून आठवलं. विकतचा गिफ्ट पेपर मुठीत चुरगळून सोडा. तसाच गोळा राहिला तर कागद. परत उलगडला तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे, रद्दीत देऊ नका. चमकीवाला तर नाहीच.

अनूची_आई
माझं आता. खास काही नाही. लेकीच्या मैत्रिणीला पुस्तक द्यायचं होतं, लेकीने बालवाडीतल्या स्वतःच्या चित्रांत गुंडाळलं. सूर्याला मिशा असलेलं चित्र वर. मैत्रिणीच्या घरी ते चित्र फ्रिजवर लावलंय आणि पुस्तक कुठे आहे कुणाला माहीत नाही.
बाय द वे ठाण्यात घोटीव आणि पतंगाचा कागद सुटा कुठे मिळतो आता? शाळेला हवाय.

खारीबटर
जांभळी नाक्याला बघा, दुपारी जा, सकाळी टेम्पोंमुळे चालता येत नाही.

पटईत_कच्चा
राम मारुती रोडला गाडी नेऊ नका एवढंच सांगतो.

सेक्टर_दहा
राम मारुती रोडला गाडी नेणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा, तिथे मी रडणार आहे.

आहारतज्ज्ञ_नाही
एक सूचना. फराळ किंवा खायचं काहीही छापील वर्तमानपत्रात थेट गुंडाळू नका. शाई पदार्थाला लागते, तेलकट असेल तर जास्तच. एफएसएसएआयने २०२३मध्येही पुन्हा बजावलं होतं. आत केळीचं पान किंवा बटर पेपर घाला, बाहेरून काय हवं ते.

खारीबटर
म्हणजे वडापाव?

आहारतज्ज्ञ_नाही
म्हणजे वडापावसुद्धा.

खारीबटर
मी हा प्रतिसाद वाचलाच नाही.

घणसोलीची
पोचले. बांधला ओढणीत, माईंच्या गाठीने. लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसले होते, समोरच्या काकू सारख्या बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, देवाचं आहे का? दिव्याला सांगितलं असतं तर मजा आली असती, पण गाडी आमची ट्रान्स-हार्बर.

मिरजेची_सून
दिवा कोण 😳

घणसोलीची
दिवा स्टेशन गं. तिथली गर्दी म्हणायचंय. घाईत लिहितेय.

ऐरोलीकर
भाचा खेळतो का फुटबॉल? २०१७ला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने झाले तेव्हापासून आमच्या इमारतीतली निम्मी पोरं क्रिकेट सोडून बसलीत. खालच्या काचा मात्र पूर्वीइतक्याच फुटतात.

घणसोलीची
खेळतो, हॉलमध्ये. त्याने गाठ सोडवलीच नाही, तसाच ओढणीसकट लाथेने उडवला. वहिनीने झडप घालून ओढणी सोडवली, झटकली, घडी घातली.

तळ्याकाठची
मिळाली ना परत?

घणसोलीची
कपाटात गेली. मी बघितलंय कुठल्या खणात ते.

बेलापूरची_माई
आता ती फिरणार. आंब्या कलरच्याला सोबत झाली.