मायक्रोकंट्रोलर किटपासून छंदाची सुरुवात: कोणते किट घ्यावे आणि पहिले काम कोणते करावे?

प्रश्न: राजारामपुरीकर

नमस्कार. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका फौंड्रीत हिशेबाचे काम पाहते. शेजारच्या वर्कशॉपमधील यंत्रांचे कंट्रोल पॅनेल रोज नजरेस पडतात आणि त्यांच्या आत नेमके काय चालते हे जाणून घेण्याची ओढ मला बऱ्याच वर्षांपासून आहे. मुले शिक्षणासाठी पुण्याला गेल्यामुळे आता संध्याकाळचा वेळ मिळतो, म्हणून आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचे (मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक) किट घेऊन घरीच शिकायचे ठरवले आहे. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकातील ओहमच्या नियमापुरताच आहे. प्रोग्रॅमिंग कधी केलेले नाही, मात्र एक्सेलमधील सूत्रे रोज लिहिते.

ऑनलाइन पाहिले तर ३७ सेन्सर असलेली मोठी किटे दिसतात आणि अगदी लहानही दिसतात. मूळ इटालियन बोर्ड आणि त्याच्या नकला यांच्या किमतींत बराच फरक आहे. यांतले काय घ्यावे आणि पहिले काही आठवडे कोणत्या क्रमाने शिकावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घरासाठी एकच गोष्ट करायची मनात आहे. नळाला पाणी आले की आम्ही मोटर लावतो आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. टाकी भरताच स्वयंपाकघरात बझर वाजावा, एवढेच हवे आहे.

उत्तर: शाहूपुरीचे मास्तर

ताई, तुमच्याकडे काम आधी ठरलेले आहे आणि किट नंतर घ्यायचे आहे, ही फार चांगली सुरुवात आहे. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. ३७ सेन्सरांची पेटी हौसेने आणून, प्रत्येक सेन्सर एकेकदा चालवून ती कपाटात ठेवणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. कारण त्यांना त्यातून काही मोजायचे नसते. तुम्ही लहान किट घ्या. ऊनो आर३ (आर्डुइनोचा नेहमीचा बोर्ड), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडायची छिद्रांची पाटी), जंपर वायर, थोडे एलईडी, रेझिस्टर, दोन-तीन पुश बटणे, एक पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलायचा नॉब) आणि एक बझर इतके पुरे आहे. वाचलेल्या पैशांतून साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह आणि रोध मोजणारे यंत्र) अवश्य घ्या.

आर्डुइनोची सुरुवात २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथे झाली आणि बोर्डाचा आराखडा तेव्हापासून खुला ठेवलेला आहे. त्यामुळे दुसऱ्या उत्पादकांनी त्यावरून बोर्ड बनवणे गैर नाही, फक्त त्यांनी आर्डुइनो हे नाव आणि बोधचिन्ह वापरू नये. शिकण्यासाठी असा बोर्ड चालतो. त्यावर संगणकाशी बोलण्यासाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. बोर्ड जोडूनही पोर्ट दिसत नसेल, तर ड्रायव्हरच्या आधी केबल बदलून पाहा, कारण काही यूएसबी केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात.

पहिल्या दिवशी बोर्डावरचाच १३ क्रमांकाच्या पिनेचा दिवा उघडझाप करायला लावा. त्यानंतर ब्रेडबोर्ड समजून घ्या, आणि इथे घाई करू नका. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना आडव्या ओळीतील पाच-पाच छिद्रे आतून जोडलेली असतात, तर कडेच्या लांब उभ्या पट्ट्या वीजपुरवठ्यासाठी असतात. काही ब्रेडबोर्डवर या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. तेथे पलीकडच्या अर्ध्या भागात वीज पोहोचत नाही आणि जोडणी बरोबर असूनही काही चालत नाही. मल्टिमीटर बीपवर (दोन टोके आतून जोडलेली असली की वाजतो त्या स्थितीत) ठेवून ही सगळी छिद्रे स्वतः तपासा.

एलईडीसोबत रेझिस्टर का लावतात, हे तुमच्या ओहमच्या नियमानेच उलगडते. पिनेवर ५ व्होल्ट असतात, लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात आणि उरलेल्या ३ व्होल्टांसाठी २२० ओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह सुमारे १४ मिलिअँपिअर येतो. ऊनोच्या पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा, म्हणजे आपण मर्यादेत राहिलो. किटमधले निळे रेझिस्टर पाच पट्ट्यांचे असतात आणि त्यांवरील तपकिरी, लाल व नारिंगी रंग दिव्याच्या उजेडात सारखेच भासतात. म्हणून रंग वाचत बसण्यापेक्षा मल्टिमीटरने मोजा.

प्रोग्रॅमिंगची भीती बाळगू नका. एक्सेलमध्ये इफ सूत्र लिहिणाऱ्याला इथली अट लगेच उमगते. पोटेन्शिओमीटर जोडून येणारे आकडे सीरियल मॉनिटरवर (बोर्डाकडून आलेले आकडे संगणकावर दाखवणारी खिडकी) पाहा. ० ते ५ व्होल्ट हा पट्टा ऊनो ० ते १०२३ अशा आकड्यांत देतो, त्यामुळे व्होल्ट काढण्याचे सूत्र तुम्ही स्वतःच मांडू शकाल. किट हाती येईपर्यंत ब्राउझरमध्ये टिंकरकॅड या सिम्युलेटरवर हेच सारे विनामूल्य करून पाहता येते.

उत्तर: रंकाळा वेस

मास्तरांच्या बाकीच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु आज नव्याने शिकणाऱ्याने ऊनोवरच का थांबावे, हे मला पटत नाही. ऊनोची रॅम अवघी २ किलोबाइट आहे. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या दुसऱ्या बोर्डाची २६४ किलोबाइट असून त्याची किंमतही कमी असते. पिकोवर मायक्रोपायथन (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे लहान रूप) चालते, एक ओळ लिहिली की तिचा परिणाम तत्काळ दिसतो आणि पायथन पुढे कार्यालयातील हिशेबाच्या कामालाही उपयोगी पडते. ताईंना पुढे मोबाइलवर सूचना हवी झाली, तर वायफाय असलेला ईएसपी३२ बोर्ड आहेच.

उत्तर: शाहूपुरीचे मास्तर

पायथनचा मुद्दा मला मान्य आहे. अडचण व्होल्टेजची आहे. पिको आणि ईएसपी३२ हे ३.३ व्होल्टवर चालतात, तर किटमधील बरेच भाग ५ व्होल्टचे गृहीत धरलेले असतात. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर नेहमीप्रमाणे ५ व्होल्टवर चालवला, की त्याची इको (मोजमाप परत पाठवणारी) पिनही ५ व्होल्ट देते आणि ती सरळ पिकोला जोडल्यास पिकोची पिन निकामी होऊ शकते. दोन रेझिस्टर लावून ते व्होल्टेज कमी करता येते, पण ते का करायचे हे समजण्याआधीच ते करावे लागणे नवशिक्याला जड जाते. म्हणून आधी ऊनो आणि मग पिको, असे माझे मत आहे.

राजारामपुरीकर

दोघांचेही मनापासून आभार. ऊनोचे लहान किट आणि मल्टिमीटर मागवते. मास्तरांनी उल्लेखलेला अंतर मोजणारा सेन्सर टाकीच्या झाकणाला आतून लावला तर चालेल का? आणि मोठ्या किटमध्ये असतो तशा रिलेने (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचने) मोटर आपोआप बंद करता येईल का?

उत्तर: उद्यमनगरचा वायरमन

ताई, रिलेचे आधी सांगतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. मोटर २३० व्होल्टवर चालते आणि किटमधील रिलेचे पाय खालच्या बाजूला उघडे असतात. त्यावर १० अँपिअर छापलेले असले, तरी एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना तिच्या चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि त्या ठिणगीने रिलेचे संपर्क चिकटून बसतात. मग प्रोग्रॅमने बंद म्हटले तरी मोटर बंद होत नाही. त्यासाठी कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा प्रवाह पेलणारा दणकट स्विच) लागतो आणि तो जाणत्या वायरमनकडूनच बसवून घ्यावा. सध्या बझर वाजवा आणि स्विच हाताने बंद करा.

टाकीत एचसी-एसआर०४ टिकणार नाही. त्याची जाळी उघडी असते आणि झाकणाखाली धरणारी वाफ थेंबांच्या रूपाने आत जाते. पाण्यापासून सुरक्षित असा जेएसएन-एसआर०४टी सेन्सर मिळतो, पण त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा जवळचे अंतर मोजता येत नाही आणि टाकी भरताना पाणी झाकणाच्या नेमके तितकेच जवळ येते. तुम्हाला तर टाकी भरली की नाही एवढेच कळायला हवे आहे. त्यासाठी फ्लोट स्विच पुरेसा आहे. त्याच्या तरंगत्या कड्यात चुंबक आणि दांडीत रीड स्विच (चुंबकाने चालणारा स्विच) असतो, पाणी चढले की स्विच मिटतो किंवा उघडतो आणि त्याच्या फक्त दोन तारा खाली आणाव्या लागतात.

एक तार ग्राउंडला, दुसरी पिनेला जोडा आणि प्रोग्रॅममध्ये त्या पिनेचा पुलअप (स्विच उघडा असताना पिन ५ व्होल्टवर धरून ठेवणारा आतला रेझिस्टर) चालू करा. मात्र ऊनोच्या आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे दुबळा असतो. गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंतची लांब तार आसपासच्या वायरिंगमधला गोंधळ उचलते आणि मिक्सर लावला तरी बझर वाजण्याची शक्यता असते. म्हणून पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि एकमेकींभोवती पिळलेल्या जोडीची तार वापरा. शिवाय स्विचची स्थिती दोन-तीन सेकंद स्थिर राहिली तरच बझर वाजेल अशी अट घाला, कारण पाण्याच्या लाटांनी कडे वरखाली होत राहते.

तार कायमची बसवल्यावर बोर्ड लॅपटॉपवर न चालवता मोबाइलच्या जुन्या चार्जरवर चालवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव विजांसह येतो, तेव्हा गच्चीवरून आलेली तार बोर्डापासून काढून ठेवता येईल असा कनेक्टर मध्ये ठेवा. टाकीजवळचा जोड नुसत्या टेपने गुंडाळू नका. सोल्डर करून त्यावर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा आणि तो पाण्याच्या पातळीच्या वर, झाकणाबाहेर राहील असा बांधा.