म्हाताऱ्या मांजराचं ऑपरेशन: तुम्ही कसं ठरवलंत?

मालवण

आमची सोनी १४ वर्षांची. गणपतीपासून तिचं खाणं बिघडलंय. उकडलेल्या बांगड्याचा तुकडा तोंडात घेते, मान वाकडी करून ओरडते आणि टाकून देते. लाळेत रक्त दिसतं. डॉक्टर म्हणाले, मागच्या दाढा मुळाशी झिजल्यात, काढाव्या लागतील, आणि पूर्ण भूल दिल्याशिवाय ते जमणार नाही. आईचं म्हणणं, "चवदा वर्सांच्या माजराक भूल खंय देतंस? आसा तितके दिवस रवांदे." तीही मायेनंच बोलते. पण सोनी भुकेनं वाटीपाशी येऊन बसते आणि नुसता वास घेऊन परत जाते, ते मला बघवत नाही. ज्यांनी असं काही ठरवलंय, करायचं किंवा न करायचं, त्यांनी कृपया लिहा. वाईट झालं असेल तर तेही लिहा.

रत्नागिरी

आमच्या काळूचे सात दात काढले तेव्हा तो १३ वर्षांचा होता. आम्ही वयाला घाबरलो होतो. डॉक्टरांनी मात्र आधी रक्त आणि लघवी तपासली, पुढच्या पायाला इवलासा पट्टा बांधून ब्लडप्रेशर घेतलं. किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मांजराची किडनी बरीच बिघडेपर्यंत बाहेरून फारसं कळत नाही. काळू पाणी जास्त पीत होता, ते आम्ही उकाड्यावर ढकललं होतं. मग दोन आठवडे थांबलो, सलाईन दिलं, पुन्हा तपासणी करून तारीख घेतली.

आंबा घाटातून कोल्हापूरला नेलं. जाण्याआधी फोनवर विचारून घेतलं होतं: गॅसची भूल देणार का, श्वासनळीत नळी घालणार का, सलाईन पूर्ण वेळ चालू राहील का, आणि डॉक्टर दात काढत असताना भुलीवर लक्ष ठेवायला दुसरं माणूस आहे का. कुणी रागावलं नाही, उलट सगळं समजावून सांगितलं.

ब्रिटनमध्ये ७९ हजारांवर मांजरांचा एक अभ्यास झाला होता, २००८ साली प्रसिद्ध झाला. भुलीशी संबंधित मृत्यू निरोगी मांजरांत ०.११ टक्के, आजारी असलेल्यांत १.४ टक्के. गेलेल्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास ऑपरेशन संपल्यावर गेली, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. हे वाचल्यामुळेच आम्ही त्या दिवशी घाट उतरलो नाही. रात्र दवाखान्याजवळ काढली. चौथ्या दिवशी काळूनं मऊ भात आणि कुस्करलेली तारली खाल्ली. त्यानंतर तो अडीच वर्षं होता.

दापोली

आम्ही नाही केलं. मनीच्या पोटाखाली सुपारीएवढी गाठ लागली, तेव्हा ती १५ वर्षांची होती. तिची नसबंदी केली नव्हती, याचं वाईट आजही वाटतं. मांजराच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्याच निघतात. डॉक्टर म्हणाले, कापण्याआधी छातीचा एक्स-रे काढू. फुप्फुसांत ठिपके दिसले, म्हणजे कॅन्सर तिथवर पसरला होता. मग कापून काय साधणार होतं? वेदनेचं औषध डॉक्टरांनी बेतून दिलं. ती अकरा आठवडे पडवीत उन्हाला बसून राहिली. बहीण अजून म्हणते, प्रयत्न करायला हवा होता. मी तो एक्स-रे जपून ठेवलाय.

वेंगुर्ले

माझी गेली. लिहायला जड जातंय, पण तुम्ही वाईटही विचारलंत म्हणून लिहिते. बारा वर्षांची होती, गर्भाशयात पू झाला होता. तिथे वाट बघायला वेळ नसतो, ऑपरेशन नाही तर मरण, म्हणून हो म्हणण्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो नंतरचा. ती अर्धवट शुद्धीत होती तेव्हाच आम्ही तिला घरी आणलं. ऑगस्टचा पाऊस, रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी वारा, अंगावर एक पातळ ओढणी. घरी पोचेस्तोवर तिचे कान बर्फासारखे गार पडले होते. मांजर गार पडलं की भुलीचं औषध अंगातून उतरायलाही उशीर लागतो, हे मला नंतर कळलं. पहाटे गेली.

तुम्ही नेलंत तर नीट शुद्धीवर येऊन मान धरेपर्यंत दवाखाना सोडू नका. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून सोबत ठेवा, उघडी अंगाला लावू नका, भाजतं.

अलिबाग

थोडंच सांगते. दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, मांजराला ती पचत नाही, एका गोळीनंही जीव जातो. आणि घरी आल्यावर दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते, लठ्ठ असेल तर जास्तच.

मालवण

सगळ्यांचं वाचलं. वेंगुर्ल्याच्या ताईंचं दोनदा वाचलं, आणि आईलाही वाचून दाखवलं. सोनीचं रक्त तपासलं, किडनी ठीक आहे. पण छातीत ठोक्यासोबत वेगळा आवाज येतोय, म्हणून भुलीआधी हृदयाची सोनोग्राफी करायला सांगितलीय. गुरुवारी फोंडाघाटातून कोल्हापूरला जातोय. हृदय जाड झालेलं निघालं तर दाढांचं पुन्हा बसून ठरवू. नसेल तर शुक्रवारची वेळ घेतलीय, आणि दोन रात्री राहायची सोय केलीय. आईनं टोपलीत तिचं जुनं लुगडं घडी करून घातलंय. सोबत येते म्हणाली.