सभासदांची सहल जुनापाणीपासून सुरू करा

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने, म्हणजे अजब बंगल्याने, वर्गणी देणाऱ्या सभासदांसाठी खास संध्याकाळ ठेवावी, अशी सूचना आहे. ‘वर्गणीदारांसाठी वेगळी संध्याकाळ ठेवली की अजब बंगला पैसेवाल्यांचा क्लब होईल,’ ही त्यावर एकाने व्यक्त केलेली भीती मला पटत नाही. मदत करणाऱ्याला जाणकारासोबत दोन तास निवांत बघायला मिळाले, तर तिकीट काढून येणाऱ्याचं काही कमी होत नाही. उलट 1863 पासूनच्या या संग्रहालयाला हक्काची माणसं मिळतील. फक्त हॉलमध्ये चहा-भाषण करून भागवू नका.

सकाळी आधी काटोल रोडवर जुनापाणीला न्या. तिथली महापाषाणकालीन शिळावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती गोलाकार रचलेले मोठे दगड, आपल्या दारात आहेत, आणि निम्म्या नागपूरकरांनी ती पाहिलेली नसतील. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने 1879 साली त्यांच्यावर लिहिलं, 1961-62 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेत. भर दुपारी ते दिसतच नाहीत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की सावली धरतात, आणि बोट फिरवलं की कडा नीट लागते. नागपूरजवळच्याच माहूरझरीला अशाच वर्तुळांमधल्या दफनांत तर माणसासोबत घोडा आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेही निघालेत. हे जागेवर ऐकून मग संग्रहालयात आलेला माणूस कपाटातल्या लोखंडी कुऱ्हाडीसमोरून सरळ पुढे जाणार नाही, प्रश्न विचारेल. माझ्या मते वर्गणीतला काही भाग त्या वर्तुळांच्या कुंपणासाठी आणि माहितीफलकांसाठीच राखून ठेवावा, आणि तसं पावतीवर छापावं.