विशेष गरजा असलेल्या लहान मुलांना शिकवण्यासाठी कोणती पात्रता घ्यावी?

बालवाडीताई, हर्णै

नमस्कार. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात मी 7 वर्षे बालवाडी चालवते. माझे शिक्षण बी.ए. असून मला 54 टक्के गुण आहेत. यंदाच्या 21 मुलांपैकी एक 5 वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही आणि नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, परंतु तिसऱ्यांच्या शिंपल्या लहानमोठ्या लावून तो तासभर एका ओळीत मांडत बसतो. त्याच्याजवळ बसायला मला आवडते. त्यापुढे काय करावे हे मात्र कळत नाही. घरची आंब्याची कलमे आणि सासूबाईंचे आजारपण यांमुळे दीर्घकाळ मुंबईत राहणे कठीण आहे. 3 महिन्यांच्या एका ऑनलाइन प्रमाणपत्राची जाहिरात पाहिली. ते घेतल्यावर मला विशेष शिक्षिका म्हणून काम करता येईल का?

फिरता शिक्षक, रत्नागिरी

ताई, थेट उत्तर द्यायचे तर नाही. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992 नुसार विशेष शिक्षक म्हणून काम करण्यासाठी परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असावे लागते आणि ती नोंद परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमावरच मिळते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्यास 1 वर्षापर्यंत कारावास, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्याच कायद्यात आहेत. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचाच असतो.

आपल्यापुढे मुख्यतः तीन वाटा आहेत. बारावीनंतरचा 2 वर्षांचा डी.एड. विशेष शिक्षण, पदवीनंतरचा 2 वर्षांचा बी.एड. विशेष शिक्षण, आणि जन्मापासून 6 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेली 1 वर्षाची पूर्व-बाल्यावस्था विशेष शिक्षणाची पदविका. आपल्याला बालवाडीच्या वयातच काम करायचे असेल, तर ही शेवटची पदविका मला सर्वांत जवळची वाटते. मात्र पुढे प्राथमिक शाळेतल्या जागेसाठी अर्ज करायची इच्छा असेल, तर ती पुरेशी ठरणार नाही आणि त्या इयत्तांसाठी मान्य असलेले डी.एड. किंवा बी.एड. करावे लागेल. डी.एड. व बी.एड. करताना बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, स्वमग्नता (ऑटिझम) अशा शाखांतून एक निवडावी लागते, म्हणून आधी अभ्यासक्रम आणि मग मुले असा उलटा विचार करू नये.

मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते, तर बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. दूरशिक्षणाने बी.एड. करायचे असल्यास त्या केंद्राला त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. माहितीपत्रकावर विसंबू नये.

खाडीपलीकडची, गुहागर

वरील शेवटच्या वाक्याखाली माझीही सही समजावी. मी अशाच एका 6 महिन्यांच्या प्रमाणपत्रासाठी शुल्क भरले, चौकटीत लावण्यासारखा सुंदर कागद मिळाला आणि नोंदणीचा अर्ज परत आला. शिकले ते वाया गेले नाही, कारण मदतनीस म्हणून काम करताना त्याचा उपयोग झाला; पण पुढे डी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली. घरच्यांना दुसऱ्यांदा पैसे मागताना काय वाटले, ते सांगत नाही.

निवृत्त विशेष शिक्षिका, कुडाळ

ताई, आपला अभ्यासक्रम ठरेपर्यंत त्या मुलाला थांबवून ठेवू नका. तो हाकेला वळत नाही म्हणजे स्वमग्नच आहे असे धरून चालू नये. सर्वप्रथम त्याची श्रवणचाचणी व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांना भेट देते आणि पुढील तपासणीसाठी मुलांना जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. आपल्या बालवाडीत ते पथक येत नसेल, तर जवळच्या अंगणवाडी सेविकेमार्फत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाठवणीची चौकशी करावी. निदान करणे हे आपले काम नाही, परंतु तारखेसह लिहिलेल्या नोंदी तेथे फार उपयोगी पडतात: तो केव्हा वळला, कोणत्या आवाजाला वळला, मागे भांडे पडले तेव्हा दचकला का.

प्रशिक्षणात काय शिकवतात, याचा एक नमुना देते. मुलाला चड्डी घालायला शिकवायची असेल, तर कृतीचे तुकडे पाडतात आणि शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करतात. दोन्ही पाय घालून चड्डी कमरेच्या दोन बोटे खाली येईपर्यंत आपण ओढायची आणि अखेरचा ओढा त्याच्यासाठी ठेवायचा. काम पूर्ण झाल्याचे समाधान त्याला रोज मिळते. ते जमले की मांडीपासून, मग गुडघ्यापासून. माझ्या एका विद्यार्थ्याला गुडघ्यापर्यंत मागे यायला भाताची लावणी ते कापणी एवढा काळ लागला होता, आणि त्याची आई दर शनिवारी विचारायची, “बाई, कुठवर आलो?”

शिंपल्यांची ओळ मोडू नका. शेजारी बसून आपण एक शिंपली पुढे धरा आणि त्याने हात पुढे करेपर्यंत थांबा.

बालवाडीताई, हर्णै

सर्वांची आभारी आहे. प्रमाणपत्राचा विचार सोडला. 1 वर्षाच्या पदविकेची चौकशी करते. सासूबाईंजवळ नणंद राहायला तयार झाल्या आहेत, मात्र आंब्याच्या दिवसांत मला रजा मिळेल का, हे आधी विचारावे लागेल. श्रवणचाचणीसाठी मुलाच्या आईशी आज बोलले. ती म्हणाली, होडीचे इंजिन सुरू झाले की तो घरातून धावत बाहेर येतो. हे वहीत तारखेसह लिहिले आहे.